जंगलवेड्याच्या जोडीदाराचा विचार करून आखलेली सफारी: नागपूरहून पेंच, ताडोबा, बोर की मेळघाट?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची बंदुकीची शिकार संपली. आता जंगलात जायचे ते परवाना घेऊन, वाटाड्यासोबत आणि दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन. एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. घरात जंगलाचे वेड बहुधा एकालाच असते आणि दुसरा माणूस केवळ सोबत म्हणून गाडीत बसतो. नागपूरकरांच्या बाबतीत हा प्रसंग वरचेवर येतो, कारण दोन-तीन तासांच्या अंतरावर इतके व्याघ्रप्रकल्प असलेले दुसरे मोठे शहर क्वचितच सापडेल. असे असूनही कुठे जावे, याचा सल्ला देणारे जवळजवळ सगळेजण वाघ कुठे जास्त दिसतो एवढ्याच निकषावर बोलतात. हा आढावा वेगळ्या निकषावर आहे: तुम्ही जिप्सीत असता तेव्हा तुमचा जोडीदार कुठे असतो आणि काय करत असतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे सफारीचा दिवस नीट पाहिला की कळते. पहाटेची फेरी उजाडताना सुटते आणि साधारण चार तास चालते. दुपारची फेरी ऊन कलण्याआधी सुरू होऊन सूर्यास्ताला संपते. त्याआधी गेटवरची नोंद, ओळखपत्रांची तपासणी आणि रांग यांचा वेळ वेगळाच. दिवसात दोन फेऱ्या घेतल्या तर मागे राहणाऱ्याच्या वाट्याला आठ ते दहा तासांचा एकटेपणा येतो, तोही बहुतेकदा अशा गावात जिथे एक चहाची टपरी आणि दोन किराणा दुकाने यापलीकडे काही नसते. सोबत गेलेल्याचेही सुख फार नाही. उघड्या जिप्सीतून मधेच उतरता येत नाही, स्वच्छतागृह ठरलेल्या ठिकाणीच मिळते, ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, मोबाइल नेता येत नाही, आणि वाटाड्याने ‘कॉल आला’ (वाघाची चाहूल लागून एखाद्या प्राण्याने इशारा दिला) म्हणून गाडी बंद करायला लावली की वीस-वीस मिनिटे निःशब्द बसावे लागते. ज्याला सांबराच्या त्या एका खणखणीत आवाजाने अंगावर काटा येतो, त्याच्यासाठी ती वीस मिनिटे म्हणजे सहलीचे सार्थक असते. ज्याला तो आवाज आणि मोराचा आवाज यांत फरक वाटत नाही, त्याला ती शिक्षा वाटते. त्यात कोणाचाही दोष नाही. आमच्या घरात हे वेड मला आहे आणि माझ्या यजमानांना नाही, त्यामुळे खालच्या बहुतेक गोष्टी मी दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या आहेत.

पेंच, सिल्लारी गेट

पहिल्यांदाच जोडीने जाणाऱ्यांना मी निःशंकपणे पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाची, म्हणजे सिल्लारीची शिफारस करते. जबलपूर महामार्गाने सिल्लारी साधारण 70 किलोमीटर आहे. रस्ता चांगला असल्यामुळे प्रवासाचा शीण येत नाही, आणि वाटेवरच मनसर लागते. मनसरहून रामटेक हाकेच्या अंतरावर आहे. ज्याला जंगलात रस नाही त्याच्यासाठी हा पट्टा विदर्भातला सर्वांत भरलेला पट्टा आहे. गडावरची राममंदिरे, कालिदासांचे स्मारक, पायथ्याचा अंबाळा तलाव, थोड्या अंतरावर खिंडसीच्या जलाशयातील नौकाविहार आणि मनसरच्या टेकडीवर उत्खननातून समोर आलेले वाकाटककालीन विटांचे अवशेष, एवढे सगळे एका दिवसात निवांत पाहून होते. गडावर जाताना हातातली प्रसादाची पिशवी मात्र पदराखाली किंवा झोळीत ठेवावी, कारण तिथल्या वानरांना ती दुरूनच ओळखू येते.

सिल्लारीची दुसरी जमेची बाजू रात्रीची आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच हे भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था करण्यात आली, आणि वाघोलीजवळ आकाशनिरीक्षणाची सोय झाली. पहाटे चारला उठण्याची ज्याला भीती वाटते, तो माणूस रात्री दहापर्यंत आकाश पाहायला आनंदाने जागतो, असा माझा अनुभव आहे. हा असा एक कार्यक्रम आहे ज्यात जंगलवेडा आणि त्याचा जोडीदार दोघेही सारख्याच कुतूहलाने सहभागी होतात, म्हणून सहलीची तारीख ठरवताना अमावास्येच्या आसपासचे दिवस धरावेत. पौर्णिमेच्या चांदण्यात तारे फिके पडतात. त्याखेरीज कोलितमारा गेटकडे पेंच नदीतील नौकाविहाराचा पर्याय आहे. त्यात धक्के नाहीत आणि धूळही नाही.

उणीव सांगायची तर वाघ दिसण्याची शक्यता इथे ताडोब्यापेक्षा कमी आहे. मध्य प्रदेशातील तुरिया गेटवर ती अधिक मानली जाते आणि तिथे राहण्याच्या सोयीही जास्त आहेत, पण रामटेकचा परिसर त्या प्रमाणात दूर जातो आणि जोडीदाराचा दिवस पुन्हा हॉटेलच्या आवारातच अडकतो. जवळच्या पचधार गावात कुंभारांची घरे आहेत, मातीकामाची आवड असणाऱ्याला ती एक सकाळ पुरतात.

ताडोबा: कोलारा की मोहर्ली?

वाघ पाहणे हेच सहलीचे मुख्य कारण असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याला पर्याय नाही. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने उद्यान आहे. परंतु ‘ताडोब्याला जायचे’ एवढे ठरवून भागत नाही, कारण कोणत्या गेटने जायचे यावर जोडीदाराची सहल पूर्णपणे बदलते.

उमरेड, भिसी, चिमूर या मार्गाने कोलारा गेट नागपूरहून साधारण 110 किलोमीटर पडते आणि बहुतेक नागपूरकर तेच निवडतात. तिथे चांगल्या दर्जाची रिसॉर्ट आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, झाडाखाली वाचत पडायला जागा आहे. तुमच्या जोडीदाराला वर्षभराच्या धावपळीनंतर फक्त आराम हवा असेल, आयते जेवण आणि दुपारची झोप एवढीच अपेक्षा असेल, तर कोलारा उत्तम आहे; मात्र त्यासाठी राहण्यावर सढळ हाताने खर्च करावा लागतो. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर करण्यासारखे तिथे फारसे काही नाही. स्वस्त खोली घेऊन कोलाऱ्याला जोडीदाराला मागे ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

मोहर्लीचा हिशेब वेगळा आहे. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती असा हा रस्ता लांबचा आहे, पण या रस्त्यावर थांबण्यासारखी ठिकाणे आहेत. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1949 मध्ये उभारलेले आनंदवन आहे. तिथे तासभर नव्हे, तर अर्धा दिवस काढावा आणि तिथल्या रहिवाशांनी तयार केलेल्या वस्तू विकत घ्याव्यात. भद्रावतीला जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी आहेत. चंद्रपूर शहरात गोंड राजांचा परकोट, अंचलेश्वर आणि महाकालीची मंदिरे आहेत. मोहर्लीलगतच्या आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे. जोडीदाराला इतिहास, देवदर्शन किंवा माणसांचे काम पाहण्यात रस असेल, तर गाडी आणि चालक त्याच्या हाती सोपवून तुम्ही निश्चिंतपणे जंगलात जाऊ शकता. चारचाकी एकच असेल आणि चालवणारे तुम्हीच असाल, तर मात्र मोहर्लीचा हा सगळा फायदा कागदावरच राहतो. अशा वेळी भाड्याची गाडी चालकासह घ्यावी आणि तो खर्च सहलीचाच भाग समजावा.

बोर: थोडक्यात समाधान मानणाऱ्यांसाठी

वर्धा जिल्ह्यातील बोर 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. क्षेत्रफळाने तो देशातील अगदी लहान प्रकल्पांपैकी एक आहे, आणि नागपूरहून हिंगणीमार्गे तिथे दीड-दोन तासांत पोहोचता येते. वाघाची हमी नाही, गर्दीही ताडोब्याइतकी नाही. माझ्या मते बोरचे खरे महत्त्व त्याच्या शेजारात आहे. सेवाग्रामची बापूकुटी, जिथे गांधीजी 1936 मध्ये वस्तीला आले, आणि धाम नदीच्या काठचा विनोबांचा पवनारचा आश्रम ही दोन्ही ठिकाणे जवळ आहेत. सकाळी एकाने बोरची एक फेरी घ्यावी, दुसऱ्याने सेवाग्रामच्या झाडांखाली शांत बसावे, आणि दुपारी दोघांनी मिळून पवनारला नदीच्या पायऱ्यांवर जावे. परतताना वर्ध्याच्या गोरसपाकाचा डबा घेतल्याशिवाय ही सहल पूर्ण होत नाही. दोघांपैकी एकाचेही मन मोडत नाही आणि मुक्काम न करताही हे सगळे बसते, म्हणून ज्येष्ठ जोडप्यांना मी आधी बोर सुचवते.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य त्याहूनही जवळ, सुमारे 60 किलोमीटरवर आहे. ‘जय’ नावाच्या प्रचंड वाघामुळे ते गाजले आणि 2016 मध्ये तो नाहीसा झाल्यावर पुन्हा चर्चेत आले. तिथे जोडीदाराला न नेलेलेच बरे. पहाटे घरून निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते, त्यामुळे जंगलवेड्याने एकट्याने किंवा मित्रांसोबत वेड भागवण्याचे हे ठिकाण आहे. येताना भिवापूरची मिरची आणली तर घरी स्वागत चांगले होते.

नवेगाव-नागझिरा (2013 पासून व्याघ्रप्रकल्प) हा अपवाद आहे. इथे वाघापेक्षा जंगलच मोठे आहे. नवेगावबांधच्या तलावावरचे पक्षी, हिवाळ्यातले धुके, कमी वर्दळ, आणि अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचे त्या परिसरातील दीर्घ वास्तव्य यांमुळे वाचनाची आवड असलेल्या जोडीदाराला नागझिरा भावते. मात्र गजबज, खरेदी, चांगले हॉटेल यांपैकी काहीही लागत असेल तर इथे येऊ नये.

मेळघाट: जोडीदाराची सहल, तुमची सवड

आतापर्यंतच्या सर्व पर्यायांत सहल तुमची आहे आणि जोडीदार सोबत आहे. मेळघाटात हे उलटे करता येते. चिखलदरा हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण, तिथे गाविलगडचा किल्ला आहे, भीमकुंड आहे, पंचबोल पॉइंट आहे, कॉफीची लागवड आहे. जोडीदाराला ‘चिखलदऱ्याला जाऊ’ असे म्हटले तर तो आनंदाने तयार होतो. आणि चिखलदरा ज्या डोंगरांत वसले आहे, तो मेळघाट 1974 मध्ये जाहीर झालेला, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. सेमाडोह आणि सिपना नदीकाठचे कोलकास येथून जंगल पाहता येते. वाघ दिसणे इथे दुर्मीळ आहे, पण डोंगरउतारांवरचे सागवान, रानगवे, अस्वले आणि कोरकू गावे पाहिल्यावर केवळ वाघासाठीच जंगलात जाणारा माणूसही बदलू शकतो. नागपूरहून अंतर सुमारे 230 किलोमीटर असल्याने तीन दिवस हवेत, आणि परतवाड्यानंतरच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याने आधीच गोळी घ्यावी.

ऋतू

ठिकाणाइतकाच मतभेद ऋतूवरून होतो आणि तो अधिक कठीण आहे. पाणवठे आटल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये वाघ सर्वाधिक दिसतो, आणि त्याच काळात चंद्रपूरचे तापमान 45 अंशांच्या वर जाते. हौस नसलेल्या माणसाला त्या उन्हात उघड्या जिप्सीत बसवणे योग्य नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखद वाटते खरी, पण पहाटेच्या फेरीत जिप्सीचा लोखंडी दांडा हाताला चटका दिल्यासारखा लागतो आणि वारा दुपट्ट्यातून आरपार जातो. ब्लँकेट, कानटोपी आणि हातमोजे हॉटेलमधून नव्हे, घरूनच न्यावेत. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असते. दोघांसाठी मिळून विचार केला तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चची सुरुवात सर्वांत योग्य: थंडी ओसरलेली असते, पळस फुललेला असतो, पानगळीमुळे जंगल उघडे झालेले असते. मेमधल्या बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसून प्राणी मोजायला मात्र एकट्यानेच जावे.

जोडीदाराला सफारी झेपेल का, अशी शंका असेल तर आधी शहरातच गोरेवाड्याला अर्धा दिवस काढावा. जानेवारी 2021 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्राणिसंग्रहालयात बसमधून वाघ, बिबटे आणि अस्वले पाहता येतात. हे रानातले प्राणी नव्हेत, पण प्राण्यांकडे टक लावून पाहण्यात समोरच्याला कितपत गोडी आहे, ते तिथे दोन तासांत समजते. गोडी दिसली तर जंगलात त्याच्यासाठी एक, फक्त एक दुपारची फेरी ठेवावी आणि त्याला मधल्या रांगेत बसवावे, कारण मागच्या रांगेत धक्के सर्वाधिक बसतात. पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही एक फेरीही टाळावी.

कोण कोणत्या फेरीला जाणार हे आरक्षणापूर्वीच बोलून ठरवणे आवश्यक आहे, कारण परवान्यावर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक नोंदलेला असतो आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावे लागते. ‘तिथे गेल्यावर पाहू’ म्हणून दोघांचीही नावे सर्व फेऱ्यांना घातली, की भरलेले पैसे वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी जोडीदार चौथ्या फेरीलाही येऊन बसतो. दोन मुक्कामांच्या सहलीत जंगलवेड्यासाठी तीन आणि जोडीदारासाठी एक फेरी हे प्रमाण मला योग्य वाटते, आणि ताडोबा असेल तर त्यात मंगळवार येऊ देऊ नये, कारण त्या दिवशी कोअर बंद असते.