अपाचीचं मॉड मॅक्रो : नाद खुळा!

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गूळवाल्यांपासून शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांपर्यंत बऱ्याच जणांच्या साइट्स आमच्या एकाच अपाची (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर आहेत आणि डोमेन, फोल्डर सोडलं तर सगळ्यांचे व्हर्च्युअल होस्ट (एकेका साइटची सेटिंग) सेम टू सेम. तेच तेच परत लिहायला नको म्हणून मॉड मॅक्रो हे मॉड्यूल (अपाचीचा जोडभाग) आहे, ते अपाची २.४.५ पासून सोबतच येतं, फक्त चालू करायचं. मॅक्रोत एकदाच साचा लिहायचा, बदलणाऱ्या जागी डॉलरवाली नावं टाकायची आणि खाली प्रत्येक साइटला 'यूज'ची एक ओळ, झालं काम! लॉगचा फॉरमॅट बदलायचाय? एकाच जागी बदला, लई भारी वाटतं राव.

फक्त मॅक्रो वापरायच्या आधी वाचला गेला पाहिजे, आणि इन्क्लूडमध्ये (दुसऱ्या फायली आत घेणाऱ्या ओळीत) स्टार (*, म्हणजे कुठलंही नाव) टाकला की फायली अल्फाबेटिकल क्रमानं घेतल्या जातात, म्हणून मॅक्रोच्या फाइलचं नाव ००नं सुरू करा. स्टारला एकही फाइल सापडली नाही तर इन्क्लूड एरर देतं, इन्क्लूडऑप्शनल गप पुढं जातं. चूक झाली तर मेसेजमध्ये मॅक्रो कुठं लिहिलाय आणि कुठं वापरलाय, दोन्ही ओळींचे नंबर येतात, मला हेच सगळ्यात आवडलं. मॅक्रोत लूप नाही, तेवढं पाहिजेच असेल तर दुसरं टेम्प्लेटवालं टूल बघा. आणि रीलोडच्या आधी कॉन्फिगटेस्ट (सेटिंगमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवाच.