गार्मिन व्हारिया आरटीएल 515: उपनगरांच्या गर्दीत, सामान लादलेल्या सायकलीवर

मागून येणारी गाडी रडारने हेरून हँडलवरच्या पडद्यावर ठिपक्याच्या रूपात दाखवणारा सायकलीचा हा मागचा दिवा 2020 मध्ये बाजारात आला. मोकळ्या रस्त्यावर, हलक्या सायकलीवर तो उत्तम चालतो, यावर फारसा वाद होत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर म्हणजे सामानाच्या बॅगा, ताशी 16-18 किलोमीटरचा वेग आणि शहर मागे पडेपर्यंत तासन्‌तास अखंड वाहतूक, अशा दिवशी हा दिवा किती कामाचा? उत्तर रस्त्यागणिक बदलतं. आणि जिथे जीव सर्वांत जास्त मुठीत धरावा लागतो, नेमका तिथेच तो सर्वांत कमी मदत करतो.

कारण रडारच्या कामातच आहे. त्याला गाडी दिसते ती तुमच्या आणि तिच्या वेगातल्या फरकामुळे, आणि हा फरक निदान ताशी 10 किलोमीटर तरी हवा. तुम्ही 18 ने चाललात आणि कार 60 ने आली, तर फरक 42 चा; 140 मीटरचा पल्ला ती 12 सेकंदांत संपवते. 80 ने आली तर 8 सेकंदांत. खड्डा चुकवून पुन्हा आपल्या रेषेत यायला एवढा वेळ पुरतो. पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंत सरकणाऱ्या रांगेत मागची बस 22-25 ने येत असते. फरक फक्त 4 ते 7. ती एकतर पडद्यावर उमटतच नाही, किंवा उमटलेला ठिपका मध्येच नाहीसा होतो. पडद्याच्या कडेची रंगीत पट्टी हिरवी आणि बस मागच्या चाकाला टेकलेली! नवखा वापरणारा फसतो तो इथेच. हिरव्याचा अर्थ ‘मागे कोणी नाही’ असा नसून ‘मागून कोणी झपाट्याने जवळ येत नाही’ एवढाच आहे.

दुसरी मर्यादा कोनाची. रडार मागे सुमारे 40 अंशांत पाहतं. म्हणजे 10 मीटर मागे त्याला जेमतेम सात मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि 3 मीटर मागे दोन मीटरच्या थोडा वर. पेट्रोल पंपातून किंवा गल्लीतून थेट तुमच्या बाजूला घुसणारी स्कूटर या पट्ट्यात येतच नाही. ठिपका कुठल्या लेनमध्ये आहे हेही कळत नाही, आणि तो ट्रकचा की मोटरसायकलचा, हेही नाही. ट्रकच्या आडून येणारी मोटरसायकल तर ट्रक बाजूला होईपर्यंत लपलेलीच राहते. म्हणून लेन बदलायची असेल तर मान वळवून पाहणं सुटत नाही. ते सुटेल या आशेने घेत असाल तर पैसे वाचवा.

मग तो आपली किंमत वसूल कुठे करतो? उपनगरांना जोडणाऱ्या रुंद, वेगवान रस्त्यांवर. उड्डाणपुलाच्या चढावर, जिथे तुमचा वेग 10 वर येतो आणि मागच्यांचा 60 च्या खाली उतरत नाही. आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्याला मिळतो तिथे. सिग्नल सुटला की वाहनं घोळक्याने येतात. घोळका निघाल्याचं रडार आधी सांगतं आणि दोन घोळक्यांमधली फट ओळखायला मदत करतं. वळणासाठी रस्त्याच्या मध्याकडे सरकायचं असेल तेव्हा हीच फट हवी असते. इलेक्ट्रिक गाड्यांचा आवाज एरवीच्या गोंगाटात कानावर येत नाही. रडारला आवाजाशी देणंघेणं नाही.

गोंगाटाचंच आणखी एक. हेड युनिटचा (हँडलवरच्या छोट्या सायकल-कंप्युटरचा) टूं-टूं आवाज बसच्या इंजिनापुढे ऐकू येत नाही, आणि रांग संपतच नसेल तर ऐकून उपयोगही नसतो. तासाभरात मेंदू तो आवाज गाळून टाकतो. दाट भागात आवाज बंद ठेवून फक्त पट्टी चालू ठेवावी आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की आवाज पुन्हा सुरू करावा. जोडता येणारं घड्याळ मनगटावर असेल तर त्याची थरथर दोन्हीपेक्षा बरी. फोनवरच्या अ‍ॅपनेही काम भागतं, पण स्क्रीन दिवसभर उजळलेली ठेवावी लागते आणि नकाशाही त्याच फोनवर असेल तर दुपारीच पॉवरबँक शोधावी लागेल.

टूरिंगवाल्यांची खरी डोकेदुखी म्हणजे बसवणं. सोबत येणारा माउंट सीटपोस्टसाठी, म्हणजे सीटखालच्या दांडीसाठी आहे. कॅरिअरवर तंबू किंवा आडवी बॅग बांधली की रडार आणि दिवा दोन्ही झाकले जातात, आणि रडारला तुमच्या बॅगेशिवाय काही दिसत नाही. उपाय म्हणजे कॅरिअरच्या मागच्या टोकाला दिवा लावण्यासाठी असलेली पट्टी. तिथल्या दोन भोकांमधलं अंतर बहुधा 50 किंवा 80 मिलीमीटर असतं. ते मोजूनच पाव-फेरी माउंट (दिवा पाव फेरी फिरवून अडकवायची खाच) बसेल असा ब्रॅकेट घ्या. जमिनीपासून उंची 250 ते 1200 मिलीमीटरच्या दरम्यान हवी. कॅरिअरचं टोक त्यात आरामात बसतं. दिवा उभा सरळ आणि तोंड नेमकं मागे हवं. ब्रॅकेट थोडा खाली झुकला तर रडार रस्ताच पाहत बसतं आणि पल्ला कमी झाल्यासारखा वाटतो. सामान भरल्यावर मागची बाजू थोडी दबते, म्हणून कोन भरलेल्या सायकलीवरच तपासा. पॅनिअरच्या रेन कव्हरची सुटी कड वाऱ्याने दिव्यापुढे येते, ती आत खोचा. कॅरिअर सीटपोस्टपेक्षा जास्त थरथरतो, म्हणून दिव्याभोवती एक दोरी किंवा केबल टाय हवाच. खड्ड्यात निसटून पडलेला दिवा गर्दीत उचलायला कोणी थांबू देत नाही.

याच्या जोडीला हँडलच्या टोकाचा बहिर्वक्र आरसा लावाच. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर गर्दीसाठी आरसा घ्या. कोण किती जवळ आहे, कुठल्या बाजूने घुसतंय आणि चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे की फोनमध्ये, हे आरशातच कळतं. बहिर्वक्र काचेत गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, आणि ही कसर नेमकी रडार भरून काढतं. आरशाच्या आतल्या कडेला कोपराची आणि पॅनिअरची जेमतेम कड दिसेल असा कोन ठेवा. अर्धा आरसा पॅनिअरनेच भरत असेल तर तो बाहेर वळवा.

दिवा म्हणून बोलायचं तर तक्रारीला जागा कमी. दिवसाच्या लुकलुक मोडमध्ये 65 ल्युमेन मिळतात आणि बॅटरी 16 तासांपर्यंत चालते. स्थिर किंवा रात्रीच्या लुकलुक मोडमध्ये तीच 6 तासांवर येते. 100 किलोमीटरच्या दिवसाला गर्दी धरून सात-आठ तास पेडल मारावं लागतं, त्यामुळे सकाळी चुकून स्थिर मोड लागला तर संध्याकाळी, नेमकं उजेड कमी होताना, दिवा बंद पडणार. गटात चालवण्यासाठीचा मंद मोड एकट्याने रहदारीत वापरू नये. वजन 71 ग्रॅम. पाण्यापासून संरक्षण आयपीएक्स 7 दर्जाचं, पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं असेल तरच. चार्जिंगसाठी मायक्रो-यूएसबी लागते, म्हणजे बाकी सगळं यूएसबी-सीवर चालत असेल तरी एक जुनी केबल सोबत ठेवावीच लागते. मागे चांगला दिवा आधीच असेल तर फक्त रडार असलेलं आरव्हीआर 315 पाहायला हरकत नाही. मात्र कॅरिअरच्या टोकावर दोघांसाठी जागा आहे का, ते आधी मोजा.