आगरातले 12 व्होल्टचे दिवे: माळ, कडं की पेटी?

आमचं आगर दापोलीच्या किनाऱ्याला. पडवीपासून समुद्राकडच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, 40 मीटरची पायवाट, दोन्ही बाजूंना माड-पोफळी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर विजेविना किती दिवस काढले ते आम्ही मोजायचंच सोडलं होतं. तेव्हाच ठरलं, वाटेवरचे दिवे बॅटरीवर चालणारे आणि 12 व्होल्टचे. पाटाच्या पाण्यातून अनवाणी येणारी-जाणारी माणसं असताना त्या मातीत 230 व्होल्ट पुरायची छाती झाली नाही. 24 व्होल्ट घ्या म्हणणारे चुकीचं सांगत नाहीत. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, वायर बारीक चालते. पण घरात बॅटरी 12 ची होती, विषय संपला.

खरा प्रश्न वायर फिरवायची कशी, हा.

वायरमनला सांगितलंत तर तो माळच घालणार. एक वायर काढायची, वाटेत दिवा आला की सोलून जोडायची, पुढे न्यायची. वायर कमी, चर एकच, अर्ध्या दिवसात काम उरकतं. मीही हेच केलं होतं. 5 वॅटचे 9 दिवे, 1.5 एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर. शेवटच्या दिव्यापाशी मीटर लावला तर 10 व्होल्टच्या आसपास. तो दिवा जरा मंद दिसायचा, पण बेड्यापाशी कोणाला पेपर वाचायचाय? ते मी कधीच मनाला लावून घेतलं नाही. 2.5 एमएम टाकली असती तर तेही निभावलं असतं.

मला छळलं ते जॉइंटांनी. माळ म्हणजे जमिनीत 9 जॉइंट, आणि आमच्याकडची हवा खारी. जॉइंट पुरता तुटला तर उलट सोपं असतं, शेवटचा पेटलेला आणि पहिला विझलेला यांच्यामध्ये खणायचं. तो अर्धवट कुजतो तेव्हा पंचाईत. पाऊस लागला की पुढचे सगळे दिवे मिणमिणायचे, चार दिवस उघडीप मिळाली की पुन्हा शहाण्यासारखे पेटायचे. खणून बघायला जावं तर रोग गायब.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री, मुंबईची मंडळी उतरत असताना, अर्धी वाट काळोखात गेली. दातात टॉर्च धरून चिखल उपसला. टेप सोडवली तर आतून पाणी ठिबकलं. लाल वायरीच्या तारा हिरव्या पडलेल्या, बोटाने दाबल्यावर वाळल्या काडीसारख्या मोडल्या. काळी वायर जवळजवळ धड. पुढचे दोन जॉइंट उकरले, तिथेही लालच खाल्लेली. डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं, हे असंच. ओल आणि मीठ मिळालं की प्लसची तार आधी विरघळते. टेप कितीही मारा, ओल आत शिरतेच.

शेजारच्या काकांनी कडं केलंय. माळेचं शेवटचं टोक परत आणून सुरुवातीला जोडायचं, प्लसला प्लस, मायनसला मायनस. दोन्हीकडून करंट येतो, उजेड सगळीकडे सारखा पडतो. दिसायला हेच सर्वांत छान, खोटं कशाला बोला. पण एक जॉइंट तुटला तरी दिवे पेटतेच राहतात, कळतच नाही. दुसरा तुटला की मधला तुकडा अंधारात, आणि आता खणायला दोन जागा.

म्हणून मी पेटीवर आलो. गडग्यावर (दगडी कुंपणावर), पावसाची झड लागणार नाही अशा दोन ठिकाणी प्लास्टिकच्या दोन पेट्या. बॅटरीकडून प्रत्येकीला 2.5 एमएमची वायर, आणि पेटीतून प्रत्येक दिव्याला त्याची स्वतंत्र वायर, मध्ये कुठे न सोलता. वायरींना खालून शिरायला भोकं, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत येत नाही. दिव्याची मूळ वायर वीतभरच असते. तो जॉइंट दिव्याच्या पाइपात, जमिनीच्या वर घेतला. पद्धत कुठलीही घ्या, बॅटरीच्या प्लसपाशी फ्यूज हवाच. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरी वायर वितळवते.

खर्च वाढतो हे कबूल. जिथे एक कॉइल पुरली होती तिथे दोन संपल्या, शिवाय चिऱ्याच्या जमिनीत जास्तीचे चर खणणाऱ्याने दोनदा माझ्याकडे रोखून पाहिलं. अंगणात तुळशीभोवती तीनच दिवे लावायचे असतील तर माळ घाला, मीही घालीन. घाटावर, कोरड्या जागी कदाचित माळच शहाणपणाची ठरेल.

गेल्या श्रावणात सातवा दिवा गेला. छत्री मानेत अडकवून पेटी उघडली, सात नंबरची वायर सुटी केली, बाकीचे आठ पेटतेच होते. वायरी जोडायच्या पट्टीमागे पालीने दोन अंडी घातली होती. त्यांना धक्का न लावता झाकण बंद केलं.