बांडुंगची पायी टूर: पैसे वसूल, पण १९५५ नंतरचं विचारू नका

इंडोनेशियाला जाऊन बांडुंगमधे ज्वालामुखी आणि फॅक्टरी आउटलेट एवढंच बघायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. शहराच्या जुन्या भागात एक लोकल ग्रुप अर्ध्या दिवसाची पायी टूर काढतो, विषय एकच, हा देश कुठल्या विचारावर उभा राहिला आणि त्या विचाराने त्याचे परदेशांशी संबंध कसे ठरवले. ऐकायला कॉलेजच्या लेक्चरसारखं वाटतं पण अजिबात बोअर होत नाही.

सुरुवात बांचेउइ तुरुंगातल्या कोठडीपासून. तुरुंग कधीच पाडला, भोवती दुकानं झालीत आणि मधे ही कोठडी तेवढी राखून ठेवलीय, १९२९च्या शेवटी डचांनी सुकार्नोंना (पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) पकडलं आणि इथे डांबलं, आत माणूस कसाबसा आडवा होईल एवढीच जागा. मग ते कोर्ट, जिथे १९३०मधे खटला चालला आणि सुकार्नोंनी बचाव करायचं सोडून वसाहतवादालाच आरोपी केलं. इथे गाईडने जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. ८५ टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान, तरी देशाचा पाया इस्लाम नाही, पंचशिला आहे (नेहरूंचं १९५४चं पंचशील वेगळं, गोंधळ नको). १ जून १९४५च्या भाषणात सुकार्नोंनी ती मांडली, एक ईश्वर, माणुसकी, एकता, विचारविनिमयाची लोकशाही, सामाजिक न्याय. घटनेच्या प्रास्ताविकाच्या मसुद्यात मुसलमानांना शरियत पाळणं बंधनकारक करणारे सात शब्द होते, ते स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्टला काढले, कारण पूर्वेकडची ख्रिश्चन बेटं बाहेर पडतील अशी भीती होती.

पण घटनेच्या प्रास्ताविकात पहिलंच वाक्य असं आहे की स्वातंत्र्य हा सगळ्या राष्ट्रांचा हक्क आहे आणि वसाहतवाद जगातून गेलाच पाहिजे. आपल्याला वाटतं इंडोनेशियाचे इस्रायलशी संबंध नाहीत म्हणजे धर्माचं कारण, धर्माचा भाग असेलही, पण तिथले सरकारवाले बोट ठेवतात ते या वाक्यावर. २०२३ला अंडर-२० वर्ल्ड कप तिकडे होणार होता, इस्रायलची टीम क्वालिफाय झाली, विरोध सुरू झाला आणि फिफाने स्पर्धाच काढून अर्जेंटिनाला दिली. आणि जाहीर विरोध करणाऱ्यांत कोण, तर हिंदूबहुल बालीचा गव्हर्नर! हे ऐकल्यावर ग्रुपमधले दोघंतिघं गप्पच झाले.

शेवटी गेडुंग मर्डेका. हा डचांचा क्लब होता, आणि त्याच हॉलमधे एप्रिल १९५५ला आशिया-आफ्रिका परिषदेसाठी २९ देश जमले, नेहरू, इजिप्तचे नासर, चीनचे चौ एन लाय सगळे. आता म्युझियम आहे, तिकीट नाही, आणि मेन हॉल खरंच बघण्यासारखा, खुर्च्यांच्या रांगा, झेंडे, भलीमोठी घंटा. आपल्या लोकांनी इथे काश्मीर प्रिन्सेसबद्दल आवर्जून विचारा, परिषदेला येणारं एअर इंडियाचं ते विमान ११ एप्रिलला बॉम्बने समुद्रात पडलं. सुकार्नोंचे उपराष्ट्राध्यक्ष हत्तांनी १९४८ला मांडलेली 'स्वतंत्र आणि सक्रिय' परराष्ट्र धोरणाची (कुठल्याच महासत्तेच्या गटात जायचं नाही) गोष्ट गाईड इथेच सांगतो आणि तिथून थेट २०२५ला ब्रिक्समधे शिरण्यापर्यंत आणतो, जोडणी पटते.

आता तक्रार. मधली वीस वर्षं गायब! याच वसाहतविरोधाच्या नावाखाली सुकार्नोंनी १९६३ला नव्या मलेशियाशी भांडण काढलं, जानेवारी १९६५ला यूएनमधून बाहेर पडले, त्याच वर्षीच्या युद्धात पाकिस्तानची बाजू घेतली, आणि २६ जानेवारी १९५०ला दिल्लीत प्रमुख पाहुणे होते तेही हेच सुकार्नो. १९६२च्या जकार्ता एशियाडला इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिला नाही, आपले क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला तर जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी फुटबॉल फायनलला स्टेडियमभर हुर्यो सुरू होती आणि तरी आपण कोरियाला २-१ हरवलं. गाईडला हे विचारलं तर 'ते पॉलिटिक्स' म्हणून हसला. अरे बाबा, मग सकाळपासून काय सांगतोयस? पूर्व तिमोरचं तर नावच काढू नका. या शेजारच्या पोर्तुगीज वसाहतीत इंडोनेशियाने १९७५ला सैन्य घुसवलं आणि १९९९पर्यंत ठाण मांडलं, प्रास्ताविकातलं ते वाक्य तेव्हा कुठे गेलं होतं हा प्रश्न बस स्टॉपपर्यंत माझ्या डोक्यात होता.

बाकी गाईडचं इंग्रजी स्वच्छ, ग्रुप छोटा, घाई नाही, पण पाणी स्वतःचं न्या आणि दुपारी हमखास पाऊस येतो म्हणून सकाळचीच बॅच घ्या. सोमवारी म्युझियम बंद असतं, त्या दिवशीचं बुकिंग यांनी घेऊच नये पण घेतात, आमच्या आधीच्या बॅचला बाहेरूनच बिल्डिंग दाखवली म्हणे. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा स्टार फक्त त्या कोठडीसाठी.