अठ्ठेचाळीस जागी एकच आकडा

गेली २२ वर्षे मी इंजिनांची हेडे, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणे, उघडतो आहे आणि तरीही "तपासून, घासून, नव्यासारखे करून दिलेले" जुने व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, घेऊन फसलो, हे लिहिताना शरम वाटते. चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्ह असलेल्या एका इंजिनासाठी मी व्हॉल्व्ह, ते बंद करणाऱ्या स्प्रिंगा आणि ते दाबून उघडणारे टॅपेट यांचा पूर्ण संच मागवला होता. नव्या संचाची किंमत १०० धरली, तर या संचाचे ४५ आणि मोजमापाच्या प्रमाणपत्राचे ५, असे ५० मी आगाऊ भरले. त्यातले ते ५ मला आजही सर्वांत जास्त झोंबतात, कारण ते मी खोट्या कागदासाठी स्वखुशीने दिले.

त्या कागदावर प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याची जाडी वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी लिहिलेली होती. एकूण ४८ आकडे होते आणि सगळे ५.९७ मिलिमीटर होते. आत घेणारे इनटेकही ५.९७ आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्टही ५.९७. वापरलेला दांडा सगळीकडे सारखा झिजत नाही. शिवाय एक्झॉस्टचा दांडा जास्त तापून फुगतो, म्हणून बऱ्याच इंजिनांत तो मुळातच इनटेकपेक्षा मिलिमीटरच्या शतांशाएवढा बारीक ठेवतात. हे मी हाताखालच्या मुलांना शिकवतो. तो कागद पाहून मात्र मला संशय आला नाही, उलट "किती नेटके काम आहे" असे वाटले. जाडी मोजायचा मायक्रोमीटर हाताच्या अंतरावर, खणात होता.

माझी बाजू अगदीच लंगडी नाही. गाडीचा मालक रोज विचारणा करत होता आणि मोजमापाचे पैसे देऊन झाल्यावर पुन्हा मोजायचे, तर ते पैसे कशासाठी दिले, असेही मनात आले. मी लॅपिंग केले, म्हणजे व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर (सीटवर) घासून बसवले, त्यांच्या मागच्या वाटेत (पोर्टमध्ये) केरोसीन ओतून पाहिले आणि एक थेंबही गळला नाही. पण ही चाचणी व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसतो का एवढेच सांगते. त्याच्या काठाला किती धातू उरला आहे ते तिला कळत नाही. तेव्हा व्हॉल्व्हची चकाकी पाहू नका, आधी काठाची जाडी मोजा.

शिमच्या, म्हणजे टॅपेटची फट जुळवणाऱ्या चकतीच्या, वेळी खरे तर दुसरी संधी मिळाली होती. व्हॉल्व्हचे तोंड जास्त घासले की तो सीटमध्ये खोल बसतो, दांड्याचे टोक वर येते आणि टॅपेटची फट कमी होते. माझी फट पहिल्याच शिमला बरोबर आली आणि मी खूश झालो. ती बरोबर आली, कारण विकणाऱ्याने दांड्यांची टोकेही घासून आखूड केली होती आणि त्यात टोकावरचा कडक थर निघून गेला होता. सुमारे ६४० किलोमीटरनंतर टकटक सुरू झाली. १,१०० किलोमीटरला तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बाकीच्यांच्या निम्म्याहूनही खाली गेले. हेड उघडले तेव्हा तिथल्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा काठ कुरतडल्यासारखा जळालेला होता. बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा काठ जेमतेम ०.५ मिलिमीटर भरला. या इंजिनाची किमान मर्यादा ०.८ आहे. टोके ठोकली जाऊन इतकी पसरली होती की कड घासून काढल्याशिवाय दांडे गाइडमधून, म्हणजे ते ज्यात सरकतात त्या नळ्यांतून, बाहेर येईनात. घाई करून ते तसेच ओढू नका, गाइडही जातील.

स्प्रिंगांची मोकळी लांबी कागदाप्रमाणे तंतोतंत होती आणि वर काळा रंग दिलेला होता, पण बसवलेल्या उंचीला दाब २० टक्के कमी भरला. ताणून लांबवलेली स्प्रिंग पट्टीला फसवते, दाबाच्या काट्याला नाही. विक्रेता दाबाचा आकडा देत नसेल, तर तिथेच व्यवहार सोडा.

नवा संच, हेड गॅस्केट आणि गाइड-सीटचे काम धरून आणखी ११४ गेले, म्हणजे एकूण १६४. माझी मजुरी यात धरलेली नाही.

विक्रेत्याचे उत्तर असे होते की बसवलेला माल परत घेतला जात नाही आणि परतीचे सात दिवस संपले आहेत. आता न बसवता व्हॉल्व्ह जळतो कसा, हे त्यानेच सांगावे. पोलिसांनी हा व्यवहारातला वाद आहे, गुन्हा नाही, असे सांगून तक्रार कार्यालयाकडे पाठवले. तिथे मी पाच वेळा गेलो. पहिल्यांदा अर्जाचा नमुना चुकला होता, दुसऱ्यांदा संबंधित अधिकारी रजेवर होते, तिसऱ्यांदा "माल बसवण्याआधीचे छायाचित्र" मागितले, चौथ्यांदा तज्ज्ञाचा अहवाल हवा म्हणाले आणि मी स्वतःच्या मोजमापांचा तक्ता पुढे केला तेव्हा तक्रारदार स्वतःचा तज्ज्ञ होऊ शकत नाही, असे ऐकवले. विक्रेता मात्र स्वतःच्या मालाचे प्रमाणपत्र स्वतःच देऊ शकतो आणि ते त्यांच्या फाइलीत पुरावा म्हणून लागते. त्यातल्या ४८ सारख्या आकड्यांवर मी बोट ठेवले, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "सारखे आहेत म्हणजे चांगलेच ना?" मला राग आला, पण काय बोलणार? मलाही तसेच वाटले होते.

पाचव्या फेरीत जळालेला व्हॉल्व्ह जमा करून घेतला. पावतीवर लिहिले आहे: "नळाचा सुटा भाग, एक नग, तुटका."