लेगसी लावू, सिक्युअर बूट बंद करू की आहे तसंच दुरुस्त करू?

दिवाळीत डिचोलीला मामाकडे होतो, रात्रभर नरकासुर बघत फिरलो आणि सकाळी पोहे खायला बसतोय तोवर मामेभावाने लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्या मशिनवर चढत नाही, म्हणून पठ्ठ्याने बाजूला लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेलं, इन्स्टॉल नीट झालं म्हणे पण रिस्टार्ट केलं की थेट विंडोजच. मित्रांनी दोन उपाय सांगितलेले, बायोसमध्ये (मशिन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन लेगसी, म्हणजे बूट व्हायची जुनी पद्धत, लाव, नाहीतर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलेच प्रोग्राम बूट होऊ देणारं कुलूप, बंद कर.

लेगसी आधी निकालात काढतो. विंडोज यूईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत) मोडमध्ये टाकलेलं असेल तर लेगसीतला ग्रब (लिनक्सचा बूट मेनू) त्याला उठवूच शकत नाही, मग दरवेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसा. आख्खी डिस्क पुसून एकटं लिनक्स टाकणार असाल आणि मशिन जुनं असेल तरच. आणि हो, बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेलाच निवडा, अर्धे घोळ तिथेच होतात.

सिक्युअर बूट बंद करणं पाच मिनिटांचं काम, आणि आर्च (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं असेल तर तेच करा कारण त्याच्या आयएसओवर (इन्स्टॉलच्या फाइलवर) सिक्युअर बूटला चालणारी सही नसते. पण आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच मागत बसेल. दुसरं म्हणजे सहीचा लोचा असेल तर स्क्रीनवर व्हायोलेशन वगैरे काहीतरी येतं. काहीच न येता गुपचूप विंडोज उघडत असेल तर बहुतेकदा तो सहीचा प्रश्न नसतोच, फर्मवेअर (मशिनमधला बूट सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ग्रबकडे जातच नसतं. मग बंद करून काय उपयोग?

उबुंटू, फेडोरा, मिंट, डेबियन १० पासून पुढचं, लिनक्सच्या या सगळ्या प्रकारांचं शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या सहीचं असतं, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात. त्रास एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना, ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लागतो आणि रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे दहा सेकंदांत बटण दाबलं नाही तर संधी गेली, ड्रायव्हर लोड होत नाही.

भावाच्या लॅपटॉपवर बूटच्या यादीत मिंटची एंट्री बनत होती (मिंट तिथे उबुंटू नावानेच दिसतं, तो तेच शोधत नव्हता) पण रिस्टार्टला गायब व्हायची. शेवटी बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड लावला, तेव्हा कुठे यूईएफआय फाइलवर विश्वास ठेवण्याचा पर्याय उघडला, तोवर तो फिकट पडलेला होता. मग ईएफआय फोल्डर, त्यात उबुंटू, त्यात शिमची फाइल निवडली, एंट्रीला नाव दिलं, बूट ऑर्डरमध्ये वर नेली, झालं. गंमत म्हणजे त्या मशिनवर सिक्युअर बूट बंद केलं की हा पर्यायच जातो, म्हणजे मित्रांचं ऐकलं असतं तर वाटच बंद.

यात एकच धोका, तो सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर बायोसमध्ये काही बदलताच येत नाही. म्हणून मामीच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवलाय.