पेनी रेडवरचा 225 आणि माझे 43,350 रुपये

गेले चार महिने मी हे लिहिण्याचे टाळत होते, कारण एकोणतीस वर्षे टपाल तिकिटे जमवणाऱ्या आणि नवख्यांना भिंग कसे धरावे हे शिकवणाऱ्या बाईने स्वतःच असे फसावे, हे सांगताना मान खाली जाते. पण गेल्या आठवड्यात त्याच धाटणीची जाहिरात पुन्हा पाहण्यात आली आणि गप्प बसणे मला पटेना.

तिकीट होते ब्रिटनचे एका पेनीचे लाल, म्हणजे आपण ज्याला पेनी रेड म्हणतो ते. 1864 पासून निघालेल्या या तिकिटाच्या प्रकारात दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत प्लेटचा, म्हणजे ज्या धातूच्या पत्र्यावरून तिकीट छापले त्याचा, क्रमांक इतका बारीक कोरलेला असतो की ठाऊक नसलेल्या माणसाला तो जन्मात दिसायचा नाही. बहुतेक क्रमांक दोनतीनशे रुपयांत मिळतात. 225 मात्र शेवटची प्लेट. ती 1879 च्या अखेरीस छपाईला लागली आणि 1880 च्या सुरुवातीला नवे तिकीट आले, त्यामुळे तिची तिकिटे थोडी आहेत आणि कॅटलॉगमध्ये त्यांची किंमत शेकडो पौंड दिलेली असते. माझ्या अल्बमच्या पानावर तेवढी एकच जागा अनेक वर्षे रिकामी होती, आणि हे मी संग्राहकांच्या गटात स्वतःच लिहून बसले होते. आपल्याला काय हवे आहे ते असे चारचौघांत लिहू नका.

एका विक्रेत्याने या तिकिटाचे 41,500 रुपये सांगितले आणि 38,700 वर सौदा ठरला. 10,000 आगाऊ, 28,700 फोटो पाहिल्यावर आणि कुरियरचे 450 वेगळे, असे सगळे पैसे मी मोबाइलवरून पाठवले. त्याने तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राचाही फोटो पाठवला होता. प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मूळ कागद हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, त्याबद्दल. फोटोत डावीकडचा 225 स्वच्छ दिसत होता, पण उजवीकडचा क्रमांक रद्दीकरणाच्या शिक्क्याच्या जाड काळ्या शाईखाली पूर्ण झाकलेला होता. क्रमांक दोन्हीकडे असतो, हे मी इतरांना शिकवत आले आहे. तरीही मी उजवीकडचा मोठा फोटो मागितला नाही. त्याऐवजी त्याने माझे लक्ष कोपऱ्यांतल्या अक्षरांकडे वळवले: "मॅडम, खाली एम डी आणि वर डी एम, अगदी बरोबर जुळते आहे." ते जुळणारच होते. 240 तिकिटांच्या एका तावात एम म्हणजे तेरावी ओळ आणि डी म्हणजे चौथे स्थान, आणि वरच्या कोपऱ्यांत तीच अक्षरे उलट क्रमाने, ही रचना या मालिकेच्या प्रत्येक प्लेटवर सारखीच असते. तिच्यावरून प्लेट ओळखता येत नाही. हे माहीत असूनही मी मान डोलावली. शिक्क्यातल्या वर्षाचा सात स्पष्ट होता आणि पुढचा आकडा अर्धवट. तो "एकोणऐंशी" म्हणाला आणि मला तिथे नऊ दिसला, कारण मला नऊच हवा होता.

माझ्या बाजूने एवढेच सांगते की त्या आठवड्यात घरात आजारपण होते, दुसरा गिऱ्हाईक थांबला आहे असे तो दिवसातून तीनदा कळवत होता, आणि त्याआधी त्याच्याकडून घेतलेली दोन स्वस्त तिकिटे अस्सल निघाली होती. आज कळते की ती दोन तिकिटे म्हणजे गळाला लावलेले आमिष होते.

तिकीट हातात आल्यावर भिंगाखाली पहिला दोन वेगळा वाटला. कोरीव छपाईत शाई कागदावर किंचित उठून बसते. हा दोन सपाट होता आणि कडेला पसरलेला होता. तपासणीसाठी आणखी 4,200 रुपये भरले. उत्तर आले की तिकीट अस्सल आहे, पण प्लेट 125 ची. डावीकडच्या एकावर रंग भरून त्याचा दोन केला आहे, उजवीकडे शिक्क्याखाली मूळ एक शाबूत आहे, आणि शिक्क्यातले वर्ष 72 आहे. सात वर्षांनंतरच्या प्लेटचे तिकीट 1872 मध्ये कुणी चिकटवणार होते? एवढा हिशेब मला सौद्याआधी करता आला नाही.

त्यानंतर जे झाले ते फसवणुकीपेक्षाही जास्त लागले. पोलीस ठाण्यात मला विचारले, "ताई, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 मी छापून नेले होते, ते कुणी हातातही घेतले नाही. ही दिवाणी बाब आहे असे सांगून मला सायबर कक्षाकडे पाठवले. सायबर कक्षाने वस्तू कुरियरने आली म्हणून परत ठाण्याकडे पाठवले. ठाण्यातले साहेब तोवर बदलून गेले होते आणि नव्या साहेबांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. बँकेने लिहून दिले की रक्कम मी स्वेच्छेने पाठवली आहे. एका अधिकाऱ्याने माझ्यासमोर शेजारच्याला विचारले की जुन्या तिकिटाला एवढे पैसे कोण देते, आणि दोघेही हसले. वस्तूची किंमत त्यांना पटली नाही म्हणून गुन्हा नाहीसा होतो का? सहा फेऱ्यांनंतर माझ्याकडे फक्त अर्जाची पोच आहे. माझ्यासारखे तीन आठवडे वाट पाहत बसू नका. संशय येताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि विक्रेत्याशी झालेले सगळे बोलणे आधी जपून ठेवा, कारण माझ्या विक्रेत्याने स्वतःचे संदेश पुसून टाकले.

नातेवाइकांनी सुचवले की तिकीट कुणाला तरी विकून नुकसान भरून काढ. मी चिमट्याने ते उलटे केले, पाठीवर पेन्सिलीने "125, क्रमांक बदललेला" असे लिहिले आणि 225 च्या रिकाम्या जागेवर न लावता वेगळ्या पाकिटात ठेवले.